तीर्थ, समुद्र आणि यादीतून गळलेली एक बाग

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून मुलाने आमच्यासाठी मॉरिशसचा बेत आखलाय. आम्ही दोघं, मुलगा-सून आणि सासूबाई (वय ७८). ऑगस्टचा शेवटचा आठवडा, सात रात्री. मुलाला तिथला एक डोंगर चढायचाय आणि डॉल्फिनबरोबर पोहायचंय. सुनेला पांढरी वाळू हवीय आणि तो ‘पाण्याखालचा धबधबा’. यजमानांना इतिहास. सासूबाईंना फक्त गंगा तलाव. त्यावरून घरात ठिणगी पडली. मुलगा म्हणाला, ‘सहा तास विमानात बसून देवळंच बघायची का?’ सासूबाई म्हणाल्या, ‘मग समुद्र काय आपल्याकडे आटलाय?’ मी ३४ ठिकाणांची यादी केलीय. (वीस आधीच गाळली. थाळीएवढ्या पानांची कमळं असलेली एक बाग आहे, लहानपणी दिवाळी अंकात तिचा फोटो पाहिला होता, पण ती कोणालाच नको होती, म्हणून तीही गेली.) टूरवाले म्हणतात, बेट छोटं आहे, तीन दिवसांत उत्तर, दक्षिण आणि पूर्वेचं बेट सगळं उरकतं, हॉटेल पूर्व किनाऱ्यावर घ्या. पुन्हा जाणं काही होणार नाही. निसर्ग किती ठेवू, संस्कृती किती ठेवू, आणि कोणाचं मन मोडू?

प्रिय ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्या वेळी पेन्सिल घेऊन बसले आणि कोणाला काय हवंय त्याखाली रेघा मारत गेले. मुलाच्या दोन, सुनेच्या दोन, यजमानांची एक, सासूबाईंची एक. निघणारी माणसं पाच, रेघा चौघांच्याच. यादी तुमच्या हातची, पण तिच्यात तुम्ही कुठे दिसला नाहीत. हे आत्ता नुसतं नोंदवून ठेवते.

आधी तो देऊळ-समुद्राचा वाद. खरं सांगू का, मला दोघांचीही वाक्यं आवडली. आजी आणि नातू एकाच मुशीतले दिसतात. पण दोघांनी एक गोष्ट गृहीत धरलीय, आणि यादी करताना तुम्हीही तीच धरलीत: डावीकडे निसर्ग, उजवीकडे संस्कृती, मध्ये उभी रेघ. या बेटावर ती रेघ मारायला गेलात तर हात अडखळतो.

गंगा तलावच घ्या. सासूबाईंच्या लेखी ते तीर्थ. पण ते पाणी साठलंय एका निवलेल्या ज्वालामुखीच्या मुखात, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटरवर. अख्खं बेटच समुद्राच्या तळातून ज्वालामुखीने वर काढलेलं. आपल्या सह्याद्रीचा काळा बसाल्ट, त्याच जातीचा दगड. या तळ्याला आधी परी तलाव म्हणत. रात्री पऱ्या अंघोळीला उतरतात, अशी गोष्ट होती. मग १८९७ मध्ये उत्तरेकडच्या त्रिओले गावातल्या एका पुजाऱ्याला स्वप्न पडलं की या तळ्याचं नातं गंगेशी आहे. पुढच्या वर्षी गावातली माणसं जंगलातून वाट काढत तिथवर चालत गेली आणि शिवरात्रीसाठी पाणी घेऊन आली. १९७२ मध्ये भारतातून नेलेलं गंगाजल त्यात मिसळलं आणि परी तलावाचा गंगा तलाव झाला. आज महाशिवरात्रीला लाखो लोक पांढऱ्या कपड्यांत, कावडी खांद्यावर घेऊन, बेटाच्या कानाकोपऱ्यातून पायी येतात. घरापासून हजारो मैलांवर आणून टाकलेल्या माणसांनी हाताशी होतं त्या पाण्याला आपली नदी करून टाकलं. हे नुसतं देऊळ नाही, आणि असलं देऊळ आपल्याकडे तर मुळीच नाही. तेव्हा मुलाला सांगा, ज्वालामुखी बघायचा असेल तर आजीचा हात धरून जा.

तिथे पोहोचलात की रस्त्याकडेचा १०८ फुटांचा शंकर आधी दिसेल. २००७ मधला आहे. गर्दी तिथे फोटो काढते आणि परत गाडीत बसते. तुम्ही खाली पाण्याच्या काठाशी जा. धुकं उतरलेलं असेल तर समोरचा काठ दिसत नाही, आणि तेव्हाच परी तलाव हे नाव पटतं. फळं पदराखाली धरा, तिथली माकडं नैवेद्याची वाट बघत नाहीत. आणि सासूबाईंसाठी स्वेटर हातात ठेवा, बॅगेच्या तळाशी नको. ऑगस्ट हा तिकडचा हिवाळा. किनाऱ्यावर हवा छान असते, पण मधल्या पठारावर गार वारा आणि भुरभुर पाऊस हे नेहमीचंच.

याच पठारावरून पश्चिमेला उतरलं की शामारेल. सप्तरंगी माती म्हणून ज्याचे फोटो तुम्ही पाहिलेत ते. टूरवाले ते ‘निसर्ग’ या खात्यात टाकतात. थोडं आधीच सांगते, म्हणजे हिरमोड व्हायचा नाही: जागा लहान आहे, कुंपणाबाहेरूनच बघायची, आणि फोटोंमध्ये रंग जरा जास्तच तापवलेले असतात. पण काय बघतोय ते कळलं तर मजा वाढते. बसाल्ट ऊन-पावसाने कुजत कुजत त्याची माती झाली, पाण्यात विरघळणारं सगळं वाहून गेलं, मागे उरली लोखंडाची आणि अॅल्युमिनियमची ऑक्साइडं. लाल-तपकिरी छटा लोखंडाच्या, निळ्या-जांभळ्याकडे झुकणाऱ्या अॅल्युमिनियमच्या. शेजारचा धबधबाही पाहून घ्या, एका उडीत शंभरेक मीटर खाली कोसळतो.

शामारेल आणि गंगा तलाव यांच्या मधल्या रस्त्यावर ब्लॅक रिव्हर गॉर्जेस हे राष्ट्रीय उद्यान लागतं. दरीच्या कठड्यावर गाडी थांबते, चार पावलांवर कठडा, सासूबाईंनाही जमेल. खाली जंगल पसरलेलं दिसतं. ते हिरवं पाहून भुलू नका. बेटावरचं मूळचं चांगलं जंगल दोन टक्क्यांहूनही कमी उरलंय. बाकी उसासाठी, लाकडासाठी गेलं, आणि जे राहिलं त्यात बाहेरून आणलेल्या लाल पेरूसारख्या झाडांनी घुसखोरी केली. याच जंगलात मॉरिशसचा केस्ट्रेल हा छोटा ससाणा राहतो. १९७४ मध्ये रानात त्याचे फक्त चार पक्षी उरल्याचं ठाऊक होतं. माणसांनी अंडी उबवून, पिल्लं वाढवून त्याला काठावरून परत आणलं. ज्या बेटावर डोडो पक्षी संपला, त्याच बेटावरची ही दुसरी गोष्ट. ती कोणत्या खात्यात घालणार, निसर्गाच्या की संस्कृतीच्या?

म्हणजे शामारेल, दरी आणि तळं हा एकच दिवस. सकाळी शामारेलपासून चढायला सुरुवात करा, दुपारी तळ्यावर पोहोचा. आजी-नातवाचं भांडण एकाच गाडीत, एकाच रस्त्यावर मिटतं. फक्त त्या दिवशी चौथं ठिकाण घालू नका. मी गेले तेव्हा आमच्या गाडीवाल्याने दक्षिणेची नऊ ठिकाणं एका दिवसात केली होती. त्यातलं मला आज आठवतं ते एका दुकानाचं स्वच्छतागृह आणि जहाजांच्या लाकडी प्रतिकृती. नऊपैकी सात ठिकाणी मी ‘आता कुठे जायचंय’ हेच विचारत होते.

आता मुलाचा डोंगर. तो ले मॉर्न असणार, बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला समुद्रात पाय सोडून बसलेला ५५६ मीटरचा कातळ. त्याला सांगा, सकाळी लवकर चढायला लागायचं. पहिला अर्धा रस्ता चालायचा, पुढचा हातापायांनी चढायचा. पाऊस झाला असेल तर खडक निसरडा होतो, अशा दिवशी हट्ट नको. वरून सरोवरासारखा फिकट निळा समुद्र आणि त्याला बांध घातल्यासारखी प्रवाळांची पांढरी कड, हे दृश्य पाय दुखण्याच्या मोलाचं आहे.

पण युनेस्कोने २००८ मध्ये या डोंगराला जागतिक वारशात घेतलं ते दृश्यासाठी नव्हे. उसाच्या मळ्यांतून पळालेले गुलाम या कड्याच्या गुहांत आणि माथ्यावर लपून राहत. पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी कथा अशी: १८३५ मध्ये गुलामगिरी उठली, ती बातमी सांगायला शिपाई डोंगराकडे निघाले. वरच्यांना वाटलं, पकडायला आले. परत साखळीत जाण्यापेक्षा बरं म्हणून त्यांनी कड्यावरून उड्या घेतल्या. १ फेब्रुवारी हा दिवस मॉरिशसमध्ये आजही सुट्टीचा असतो. मुलगा-सून वर चढतील तेव्हा तुम्ही तिघं पायथ्याशी समुद्रकाठच्या स्मारकाजवळ बसा, तिथे कोरीव दगड उभे केलेत. यजमानांच्या इतिहासाची पहिली खेप इथेच पूर्ण होते, आणि समोर सुनेची पांढरी वाळूही आहे.

सुनेचा ‘पाण्याखालचा धबधबा’ही याच टोकापाशी. तिला हलक्या हाताने सांगा की असा धबधबा नाही. वाळू आणि गाळ खोल उतारावरून सरकतात, उथळ-खोल पाण्याचे रंग बदलतात आणि आकाशातून बघताना पाणी कोसळतंय असा भास होतो. किनाऱ्यावरून, बोटीतून काहीच दिसत नाही. हेलिकॉप्टर किंवा पाण्यावरून उडणारं छोटं विमान हाच मार्ग, आणि तो महाग आहे. पैसे असतील आणि हौस असेल तर जरूर. पण ‘मॉरिशसला गेलो आणि ते नाही पाहिलं’ अशी रुखरुख लावून घेण्यासारखं ते नाही.

डॉल्फिनबद्दल मी थोडी खडूस आहे, आधीच माफी मागते. पश्चिमेला तामारेंच्या उपसागरात पहाटे स्पिनर डॉल्फिनचे कळप येतात. रात्रभर खोल पाण्यात मासे मारून ते उथळ पाण्यात विश्रांतीला आलेले असतात. त्या वेळी दहा-पंधरा बोटी त्यांना घेरतात, माणसं धपाधप उड्या टाकतात, कळप पुढे पळतो, बोटी त्याच्यामागे. कोणी आपल्याला रात्रपाळी करून झोपल्यावर दर दहा मिनिटांनी उठवलं तर? बोटीतून, लांबून, इंजिन हळू ठेवून बघता येतं. पाण्यात उतरायचंच असेल तर आग्नेयेला ब्लू बे आहे, तिथलं समुद्री उद्यान संरक्षित आहे. काचेच्या तळाच्या बोटीतून सासूबाईही प्रवाळ बघू शकतील. पाण्यात पायांत रबरी बूट घालाच. प्रवाळाने कापतं, आणि दगडासारखा दिसणारा एक विषारी मासा तिथे वाळूत पडून असतो. दक्षिणेला ग्री ग्री नावाचा किनारा आहे, तिथे मात्र प्रवाळांची भिंत नाही आणि लाटा सरळ कड्यावर येऊन फुटतात. तो बघायचा, पोहायचा नाही.

‘बेट छोटं आहे’ हे टूरवाल्यांचं वाक्य नकाशावर खरं आहे. लांबी साधारण ६५ किलोमीटर, रुंदी ४५. पण मध्ये पठार, घाटरस्ते, आणि राजधानी पोर्ट लुईची सकाळ-संध्याकाळची वाहतूक. उत्तर टोकापासून दक्षिण टोकाला जायला दीड-दोन तास सहज जातात. त्यात ऑगस्टमध्ये सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. सकाळी नवाच्या सुमाराला निघालात तर तुमच्या हातात नऊ तासांचा उजेड उरतो, बारा तासांचा नाही. आणि पूर्व किनाऱ्यावरचं हॉटेल? वाळू सुरेख आहे, पण या महिन्यांत आग्नेयेकडून व्यापारी वारे वाहतात आणि पूर्वेला ते अंगावर येतात. सासूबाई दोन दिवस खोलीतच बसतील. पश्चिमेला फ्लिक आं फ्लाककडे किंवा वायव्येला त्रू ओ बिशकडे वारा कमी, पाऊस कमी, सूर्यास्त समोर. ज्यांना डिसेंबर-जानेवारीत जायचंय त्यांना मी पूर्व किनारा खुशाल सांगेन. पण तो मोसम उकाड्याचा, पावसाचा आणि चक्रीवादळांचाही असतो, हे धरून चालायचं.

टूरवाल्यांच्या कागदावरच्या पूर्वेच्या बेटावर, म्हणजे ‘इल ऑक्स सर्फ्स’वरही काट मारायला हरकत नाही. (उच्चार ‘इल ओ सेर’ असा काहीसा, तिथल्या फ्रेंच नावांतली शेवटची अर्धी अक्षरं शोभेची असतात.) गर्दी, बोटींचे खेळ, भाजलेल्या मासळीचा वास. ज्यांना आवडतं त्यांना फार आवडतं. तुमच्या पाचांपैकी कोणी ते मागितलेलं नाही.

त्याऐवजी एक दुसरं बेटुकलं सुचवते, जे तुमच्या ३४ मध्ये नाही, कारण बहुतेक टूरवाल्यांच्या कागदावर ते नसतंच. माएबूरजवळ, विमानतळापासून थोड्या अंतरावर, इल ओझेग्रेत. २६ हेक्टरांचा प्रवाळाच्या चुनखडीचा तुकडा. तिथे वन्यजीवांसाठी काम करणारी एक संस्था वर्षानुवर्षं बाहेरची झुडपं उपटून मूळची झाडं लावतेय. माणसांना फक्त वाटाड्याबरोबर, ठरावीक वेळी नेतात, म्हणून आधी नोंदणी करावी लागते. काळ्या लाकडाची आबनुसाची झाडं तिथे उभी आहेत. याच लाकडासाठी डचांनी बेट ओरबाडलं होतं. गुलाबी कबुतर डोक्यावरच्या फांदीवर बसलेलं दिसतं. आणि पायवाटेत मध्येच अवाढव्य कासव आडवं पडलेलं असतं, त्याला ओलांडून जायचं. ही कासवं मूळची इथली नाहीत. इथली माणसांनी खाऊन संपवली. मग झाडांच्या बिया खाऊन पसरवणार कोण? म्हणून सेशेल्समधल्या अल्डाब्राची कासवं आणून त्या जागी नेमली. बदली शिक्षक म्हणा ना. डोडो ज्या जंगलात हिंडत होता ते कसं असेल, याचा अंदाज पोर्ट लुईच्या संग्रहालयातल्या सांगाड्यापेक्षा इथे जास्त येतो. चालणं सपाट आहे, पण बोटीत चढ-उतार आहे. सासूबाईंच्या गुडघ्यांना विचारून ठरवा.

यजमानांचा इतिहास पोर्ट लुईला, आणि तिथे मात्र सगळ्यांनी जावं असं मला वाटतं. बंदरात आप्रवासी घाट आहे. गुलामगिरी उठली, पण ऊस तर तोडायला हवा. मग करारावर मजूर आणायचा प्रयोग इंग्रजांनी १८३४ मध्ये इथे सुरू केला. २ नोव्हेंबर १८३४ ला ‘अॅटलस’ नावाच्या जहाजातून पहिले ३६ जण उतरले. १९२० पर्यंत साडेचार लाखांहून जास्त माणसं आली, बहुतेक भारतातली. बोटीतून उतरून ती ज्या दगडी पायऱ्या चढली, त्या अजून आहेत. तिथे उभं राहिलं की फार बोलावंसं वाटत नाही. जाताना रविवार टाळा.

सासूबाईंना एक विचारा. त्यांच्या लहानपणी पांढऱ्या साखरेला घरात ‘मोरस’ म्हणायचे का? तो शब्द म्हणजेच मॉरिशस. आपल्या आज्या-पणज्यांच्या चहात जी साखर पडायची ती ज्यांनी पिकवली, त्यांतली काही माणसं मुंबई बंदरातूनच गेलेली. रत्नागिरी, सातारा भागांतली मराठी कुटुंबंही त्यांत होती. बेटावर फिरताना उसाच्या शेतांत काळ्या दगडांचे मोठाले ढीग दिसतील, एखाद्या बुटक्या पिरॅमिडसारखे. नांगर चालावा म्हणून शेतातला एकेक ज्वालामुखीचा दगड हातांनी उचलून रचलेले ते ढीग. दगड उलटला की खाली सोनं सापडतं, असं सांगून मजुरांना नेलं, ही कथा तिथल्या घराघरांत सांगतात. तुमच्या यादीत हे ढीग नसतील. त्यांना तिकीट नाही, पाटी नाही, गाडी थांबतही नाही. ऑगस्टमध्ये ऊसतोडणी चालू असते, तेव्हा ते जास्तच उघडे पडतात. एकदा गाडी थांबवायला सांगा.

त्या मराठी कुटुंबांच्या पुढच्या पिढ्या अजून तिथे आहेत. गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते, आणि आपल्या कोकणातली जाखडी तिथे ‘झाकरी’ होऊन नाचली जाते. तुमच्या आठवड्यात गणपती येतात का ते पंचांगात बघा, आणि ज्या वाचकांना घरचा गणपती नसतो त्यांनी तो मुहूर्त जरूर विचारात घ्यावा. एक मात्र: कोणी भेटलं तर लगेच फाडफाड मराठीत सुरू होऊ नका. घरची भाषा क्रिओल, म्हणजे फ्रेंचमधून घडलेली तिथली बोली, झालीय. मराठी शाळेत, पूजेत, गाण्यात उरलीय. त्यांना ती येत नाही म्हणून हळहळण्यापेक्षा, दीडशे वर्षांनंतर काही तरी उरलंय याचं मला जास्त नवल वाटतं.

नाचाचा विषय निघालाच आहे तर सेगा. हॉटेलात जेवणानंतर रंगीत घागऱ्यांचा कार्यक्रम होईल, तो बघा, वाईट नसतो. पण सेगा गुलामांचा. रवान नावाची बकरीच्या कातड्याची चपटी डफ जाळावर तापवून घट्ट करायची आणि रात्री मळ्यामागे वाजवायची. रविवारी दुपारी एखाद्या सार्वजनिक किनाऱ्यावर जा. सुरूच्या बनात (हो, कोकणातलेच सुरू) कुटुंबंच्या कुटुंबं डबे घेऊन आलेली असतात, कोणी तरी रवान काढतं, म्हाताऱ्या बायका चपला बाजूला ठेवून वाळूत पाय घासत नाचतात. इथे सुनेला तिची पांढरी वाळू मिळेल, तुम्हाला तिथली माणसं दिसतील, आणि सासूबाईंना बाकावर बसून दोन्ही.

त्यांच्या खाण्याचीही काळजी नको. रस्त्यावर ‘ढोल पुरी’ मिळते. नाव ऐकून काही तरी भलतं वाटतं, पण ती म्हणजे डाळीचं पुरण भरलेली मऊसूत पोळी. गूळ नाही, वर वालासारख्या मोठ्या दाण्यांची रस्सा भाजी आणि चटणी. आपली पुरणपोळी तिखटाच्या घरी नांदायला गेली की अशी दिसेल. ‘गातो पिमां’ म्हणजे सरळ डाळवडा.

राहिला ‘सगळ्यांनी सगळं एकत्र’ हा नियम. तो कोणी केला? मला वाटतं तुम्हीच, आणि त्यामुळेच प्रत्येक ठिकाणासाठी कोणाचं तरी मन मोडावं लागतंय. सात रात्री म्हणजे मधले सहा पूर्ण दिवस. पठाराचा दिवस, ले मॉर्नचा दिवस, पोर्ट लुईची सकाळ, माएबूर आणि छोटं बेट, रविवारचा किनारा. पाच झाले. यांतल्या दोन दिवशी अर्धा वेळ वेगळं व्हा: ते दोघं डोंगरावर, तुम्ही पायथ्याशी, ते दोघं पाण्यात, यजमान म्युझियममध्ये. गाडी ड्रायव्हरसकट दिवसाच्या हिशेबाने ठरवा, बरेचसे ड्रायव्हर हिंदी किंवा भोजपुरी जाणतात, सासूबाईंशी त्यांची गट्टी जमेल. आणि प्रत्येक ठिकाणी किती वेळ द्यायचा ते आधी ड्रायव्हरला सांगा, त्याला विचारू नका. अशाच पेचात सापडलेल्या इतरांनाही माझं हेच सांगणं: प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा, ‘एकच ठिकाण मिळणार असेल तर कुठलं?’ यादी आपोआप चौतिसाची पाच होते. बाकीची २९ ठिकाणं रस्त्यात दिसली तर दिसली.

‘पुन्हा जाणं होणार नाही’ हे तुम्ही लिहिलंत. नसेल होणार. पण म्हणून तीन दिवसांत ३४ ठिकाणं पाहिलीत तर एकदाही जाणं होणार नाही, एवढंच.

आता सहावा दिवस. पत्र मी तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा पाचव्या माणसाची रेघ सापडली. कंसात होती. थाळीएवढ्या पानांची कमळं, दिवाळी अंकातला फोटो.

ती बाग पांप्लमूसची, पोर्ट लुईच्या उत्तरेला, फार लांब नाही. १७७० च्या सुमाराला प्येर प्वाव्र नावाच्या फ्रेंच माणसाने डचांच्या पहाऱ्यातून जायफळ आणि लवंगेची रोपं चोरून आणवली आणि तिथे रुजवली. तेव्हा यजमानांनाही इतिहास मिळेल, जर तुम्ही त्यांना नेलंत तर. तालिपोट नावाचा ताड तिथे आहे, तो आयुष्यात एकदाच फुलतो, कित्येक दशकं थांबून, आणि फुलला की मरतो. आणि मधल्या लांबट तळ्यात ती कमळं, अॅमेझॉनची, काठ वर वळलेल्या हिरव्या परातींसारखी. फूल पहिल्या संध्याकाळी पांढरं उमलतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं, मग पाण्याखाली जातं. दिसेलच असं नाही. पण पानं असतात.

तिथली वाट सपाट आहे, सावली आहे, बाकं आहेत. कोणाला यायचं असेल तर येऊ दे. नसेल तर तुम्ही एकट्या जा, बाग उघडता उघडता, टूरच्या गाड्या यायच्या आधी.